चार अक्षरांवरून बढती ठरवू नका

'एमबीटीआय टेस्ट घ्या, चार अक्षरांत कळेल कोण लीडर होणार. टाइप जन्मभर बदलत नाही. अंतर्मुख माणसाला टीम देऊ नका. मोठमोठ्या कंपन्या हीच टेस्ट बघून प्रमोशन देतात.' हा मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. एमबीटीआय म्हणजे मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर, प्रश्नावलीवरून माणसाला चार अक्षरांचा 'टाइप' देणारी व्यक्तिमत्त्व चाचणी. आता तो घरातल्याच एका मुलीपर्यंत पोचलाय. नुकतीच टीम लीड झालेली, निकालात पहिलं अक्षर 'आय', म्हणजे अंतर्मुख, आलं, आणि ती पद सोडायच्या गोष्टी करतेय. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

सगळ्यात घातक मुद्दा प्रमोशनचा, तो आधी. मायर्स-ब्रिग्ज फाउंडेशन, म्हणजे ही चाचणी ज्यांच्या घरची आहे तेच लोक, आपल्या नीतिनियमांत बजावतात की भरतीसाठी किंवा कामावरच्या निवडीसाठी ती वापरू नका. कारण उघड आहे. चाचणी कल विचारते, कुवत नाही. तुम्हाला आधी बोलायला आवडतं की आधी विचार करायला, यावरून चिडलेला क्लायंट तुम्ही सांभाळाल का हे कळत नाही. त्यात प्रमोशन टांगलेलं असलं की माणूस साहेबाला आवडेल त्या उत्तरावर टिक करतो. मग तो अहवाल कोचिंगच्याही कामाचा राहत नाही.

टाइप जन्मभर तोच? मानसशास्त्रज्ञ डेव्हिड पिटेंजर यांनी 1993 मध्ये जुने अभ्यास तपासून दाखवलं की पाच आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली तर निम्म्यापर्यंत लोकांचा टाइप बदललेला निघतो. बहुतेक माणसं मधेच कुठेतरी असतात. समजा, 21 प्रश्नांत 11 उत्तरं अंतर्मुख बाजूला पडली आणि 10 बहिर्मुख. अक्षर 'आय'. पुढच्या वेळी एकच उत्तर फिरलं की 'ई'. माणूस तोच.

अंतर्मुखाबद्दलच्या दाव्यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करावं लागेल. संशोधक टिमथी जज आणि सहकाऱ्यांच्या 2002 च्या एकत्रित विश्लेषणात बहिर्मुखता आणि नेतृत्व यांचा सहसंबंध 0.31 आला (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण). पण वर्ग केला तर तो माणसामाणसांच्या नेतृत्वातला जेमतेम दहा टक्के फरक समजावतो. बाकीचे नव्वद टक्के कुठून आणणार?

मोठ्या कंपन्या वापरतात, हा मुद्दाच नाही. खप म्हणजे पुरावा नव्हे.

कोचिंगमध्ये चाचणी वापरायचीच तर स्वखुशीने, आणि निकाल एचआरकडे न जाता. अहवाल उघडण्याआधी माणसाला स्वतःचा अंदाज सांगू द्या. मग वरिष्ठ, बरोबरीचे आणि हाताखालचे यांचा अभिप्राय शेजारी ठेवा. सहकारी आणि हाताखालच्यांतले किमान तीन-तीन जण घ्या, नाहीतर कोण काय बोललं ते लगेच ओळखू येतं. अहवालात आणि अभिप्रायात जिथे तफावत दिसेल तिथलं एकच वागणं निवडा. मीटिंगमध्ये मत द्यायला उशीर होत असेल तर अजेंडा आदल्या दिवशी मागवायचा, आपले दोन मुद्दे लिहून न्यायचे, त्यातला एक पहिल्या दहा मिनिटांत मांडायचा. सहा आठवड्यांनी त्याच लोकांना पुन्हा विचारायचं, फरक दिसला का.