‘सगळं पोर्टलवर आहे’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार सर,

ईआरपीच्या (म्हणजे कंपनीचा माल, बिलं, हिशोब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मॅन्युअलमध्ये हवं ते सापडत नाही, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, “डॉक्युमेंटेशन सगळं पोर्टलवर असतं, सर्चही असतो. लोक वाचत नाहीत आणि खापर कंपनीवर फोडतात. शिवाय सगळं उघडं ठेवलं तर सुरक्षिततेचं काय?” रोखठोक लिहिलंत, बरं वाटलं. मीही तसंच लिहितो.

लोक वाचत नाहीत, हे मला पटत नाही. अडलेला माणूस मिळेल ते वाचतो. रत्नागिरीतल्या मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात पावसाळ्यात काय होतं बघा. न्हावाशेवा बंदराला जायचा रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर भरून उभा आहे. डिस्पॅचवरच्या मुलीने ई-इन्व्हॉइस, म्हणजे जीएसटीसाठी सरकारकडे ऑनलाइन नोंदवायचं बिल, पाठवलं. ते सरकारी पोर्टलला पोचलं, आयआरएन (त्या बिलाचा सरकारी नोंदणी क्रमांक) तयारही झाला, पण उत्तर परत यायच्या आत रेंज गेली. तिने पुन्हा बटण दाबलं. स्क्रीनवर आलं: एरर 2150, डुप्लिकेट आयआरएन.

आता ती शोधणार काय? ‘2150’. दुसरं तिच्यासमोर आहेच काय? आणि आमच्या सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये हा आकडा शोधून सापडत नाही. माहिती आहे, पण ‘बाह्य अनुपालन सेवांच्या प्रतिसादाचे व्यवस्थापन’ अशा भारदस्त मथळ्याखाली, आणि 2150 हा आकडा फक्त स्क्रीनशॉटच्या चित्रात. चित्रातला मजकूर त्या सर्चला वाचता येत नाही. आडात आहे, पण पोहरा तिथवर पोचत नाही, अशातली गत.

न सापडल्यामुळे होतं काय, तेही ऐका. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल नंबर यांवरून आयआरएन बनतो. म्हणजे तेच बिल पुन्हा पाठवलं की 2150 येणारच. उपाय सोपा: आधीच तयार झालेला आयआरएन सरकारी पोर्टलवरून खेचून घ्यायचा. पण हे माहीत नसलेला माणूस बिल नंबर बदलून नवीन बिल करतो, आणि एकाच मालाची दोन बिलं सरकारदरबारी जमा होतात. सरकारी पोर्टलवर बिल रद्द करायला मुदत 24 तासांची. ती हुकली की क्रेडिट नोट, मग सीएचे फोन. हे सगळं एका ओळीवाचून. मथळ्यातच ‘एरर 2150: हे बिल आधीच नोंदलं गेलं आहे’ असं असतं, तर कंटेनर वेळेत निघाला असता.

सुरक्षिततेचं म्हणाल, तर सर्व्हरचे पत्ते, पासवर्ड, ग्राहकांचा डेटा कुलपातच हवा, यात वाद नाही. पण एरर कोडचा अर्थ हे कसलं गुपित? ओरॅकल या डेटाबेसचा ‘ओआरए-00942’ हा एरर कोड म्हणजे काय, हे कुणालाही लॉगिनशिवाय वाचता येतं. त्याने कुणाचा डेटाबेस फुटला नाही. ईआरपी बनवणाऱ्या सॅप कंपनीनेही हेल्प पोर्टल उघडं ठेवलंय, नोट्स (ठराविक अडचणींवरचे उपाय) तेवढ्या लॉगिनच्या आत. हा भेद मला मान्य आहे. अडचण तेव्हा होते, जेव्हा लॉगिन असतं मुंबईच्या ऑफिसातल्या साहेबांच्या नावावर आणि रात्रपाळी असते इथे रत्नागिरीत, मिरकरवाड्याच्या बाजूला.

चॅटबॉटला विचारा, असंही तुम्ही सुचवलंत. विचारावं की. पण कुलपातल्या पीडीएफपर्यंत तो जाणार कसा? मग इकडचं तिकडचं वाचून बेधडक सांगेल, “बिल नंबर बदला.”

आणि एक, तुम्ही शहरात असाल तर कदाचित सुचणार नाही. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे लाईट आणि नेटवर्क किती दिवस नव्हतं, ते इथल्या माणसाला विचारा. नुसत्या ऑनलाइन मॅन्युअलचा तेव्हा काय उपयोग? आवृत्ती आणि तारीख घातलेली ऑफलाइन प्रत प्रत्येक युनिटच्या कॉम्प्युटरवर हवीच. (तारीख नसली की तीन वर्षांपूर्वीची प्रत पुढची पाच वर्षं फिरत राहते.)

तुमचा एक मुद्दा मात्र रास्त आहे: लोकांना काय सापडत नाही, हे लिहिणाऱ्याला कळणार कसं? त्यासाठी पोर्टलच्या सर्चची नोंद काढावी. काय टाइप केलं आणि शून्य निकाल आले, तेवढीच यादी. मथळे त्या शब्दांत लिहावेत. आम्ही आमच्या व्हेंडरकडे ही यादी मागितली आहे, अजून आलेली नाही. तुमच्याकडे तुमच्या पोर्टलची असेल तर त्यातले चार शब्द इथे टाका, पुढच्या लेखात त्यावरच बोलू.