काळं व्हायला पैसे?

आमचा मित्र कांगारू दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनहून आला, त्यामुळे रविवारी सकाळी कट्टा भरगच्च होता. बोलता बोलता त्याने सांगितलं, त्याच्या ऑफिसातली एक बाई लग्नाआधी पैसे मोजून अंगभर तपकिरी रंगाचा फवारा मारून आली.

"काळं व्हायला पैसे?" वकील चहा सांडेपर्यंत हसला.

"आणि तू साखरपुड्याआधी रापलेला रंग उतरवायला डी-टॅन करून आलास, ते काय होतं?" मी विचारलं. वकील गप्प.

मास्तर पोहायला शिकवतो, बारा महिने रापलेला. तो म्हणाला, "फवारे कशाला? उन्हात पडा, फुकटात काम. एकदा कातडी रापली की तीच ढाल."

"कसली ढाल!" डॉक त्वचाविभागात रेसिडेंट आहे. "रापलेल्या कातडीचा एसपीएफ, म्हणजे ऊन अडवायची ताकद, जेमतेम तीन-चार. अतिनील किरणांनी पेशीतल्या डीएनएला मार बसतो, म्हणून त्वचा जास्तीचं मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, बनवते. रंग दिसतो तोवर मार खाऊन झालेला असतो."

"आमच्याकडे सोलॅरियमच बंद केली," कांगारू म्हणाला. सोलॅरियम म्हणजे दिव्यांच्या पेटीत झोपून रापायचं दुकान. मेलबर्नची क्लेअर ऑलिव्हर २००७ मध्ये मेलॅनोमाने, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाने गेली, वय २६. शेवटचे दिवस ती या पेट्यांविरुद्ध बोलत राहिली. २०१५ उजाडताना बहुतेक राज्यांत हा धंदा बंद झाला, पश्चिम ऑस्ट्रेलियात वर्षभराने.

"ब्राझीलने २००९ लाच बंदी घातली," डॉक म्हणाली. "त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या पेट्या तंबाखूच्या पंगतीला बसवल्या. म्हणजे धोका तंबाखूएवढा असं नव्हे हं, पुरावा तेवढा पक्का."

"मग ती फवारेवाली?"

"ती शहाणी. त्यात डायहायड्रॉक्सिॲसिटोन असतं, साखरेच्या कुळातलं. कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातल्या प्रथिनांशी जुळून ते तपकिरी होतं. पाव भाजताना रंग येतो ना, त्याच जातीची क्रिया. थर झडला की आठवडाभरात रंगही जातो."

"म्हणजे नवरी टोस्ट," वकिलाला कंठ फुटला.

"फवारताना डोळे, नाक, तोंड झाकायचं. आणि त्या रंगाने ऊन अडत नाही, सनस्क्रीन वेगळं लावायचंच. रापायच्या गोळ्या मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. त्यातल्या कँथॅक्सँथिनचे स्फटिक डोळ्याच्या पडद्यावर साचतात."

मास्तर हटेना. "ही सगळी गोऱ्यांची दुखणी. आपल्याला मेलॅनिन देवाने दिलंय."

"अर्धं खरं. आपल्यात मेलॅनोमा कमीच. झालाच तर बऱ्याचदा तळपायाला, नखाखाली. गायक बॉब मार्ले तसाच गेला, ३६ व्या वर्षी."

"तळपायाला कुठलं आलंय ऊन?"

"नाहीच. त्याचा उन्हाशी संबंध नाही."

खरं सांगतो, इथे मास्तर जिंकला असंच मला वाटलं होतं.

"पण तुझ्या गालावरचं वांग उन्हानेच वाढतंय," डॉक म्हणाली, "आणि मोतीबिंदू काही गोरा-काळा बघत नाही."

"मग काय, टोपी घालून पोहायला शिकवू?"

"तिकडे शाळेत टोपी नसेल तर पोराला उन्हात खेळू देत नाहीत," कांगारू म्हणाला.

मास्तरने ग्लास खाली ठेवला. "अकराची बॅच सातला घेतो हवं तर. टोपी नाही."

"सातला पोरं उठतील?" वकिलाने विचारलं, आणि पुढचा अर्धा तास हल्लीची पोरं रात्री जागून काय करतात यावर गेला.