स्थलांतरित, वाइन आणि जेवणाचे टेबल

स्थलांतरित लोक आले की त्या प्रदेशाची वाइनची आवड बदलते, असे सहज म्हटले जाते. माझ्या मते आधी बदलते ती वाइनची जागा. चव त्यानंतर बदलते, आणि तीही कायदा व बाजार यांची साथ मिळाली तर.

ऑस्ट्रेलियात १९५०च्या दशकापर्यंत जी वाइन तयार होत असे, तिच्यात स्पिरिट घालून कडक केलेल्या गोड पोर्ट-शेरीचाच भरणा मोठा होता, आणि पुरुषांचे नेहमीचे पेय म्हणजे संध्याकाळी सहाला बार बंद होण्याआधी घाईघाईने रिचवलेली बिअर. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली आणि ग्रीसमधून लाखो माणसे आली. त्यांच्या लेखी वाइन ही घरातल्या सर्वांसमोर, जेवताना, सावकाश घेण्याची गोष्ट होती, आणि अनेकजण ती घरीच करत. त्यांची खाणावळी-कॅफेंची संस्कृती रुजत असतानाच सहाचे बंधनही हटले: न्यू साउथ वेल्समध्ये १९५५ साली, व्हिक्टोरियात १९६६ साली, दक्षिण ऑस्ट्रेलियात तर १९६७ साली.

सारे श्रेय या मंडळींना देणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. कित्येक बिअरप्रेमींना वाइनकडे वळवले ते १९५६ साली आलेल्या ‘बरोसा पर्ल’ या गोडसर, फसफसणाऱ्या वाइनने. गंमत अशी, की ती काढणारी कंपनी १९व्या शतकात बव्हेरियातून आलेल्या योहान ग्राम्प यांच्या घराण्याची होती. म्हणजे हेही स्थलांतरितच, फक्त जुने.

अमेरिकेत हाच प्रवाह उलट दिशेनेही वाहिला. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात घरगुती वापरासाठी फळांचा रस करण्याची मुभा होती आणि इटालियन कुटुंबांनी तिचा पुरेपूर लाभ घेत घरोघरी वाइन केली. परिणामी कॅलिफोर्नियातल्या मळ्यांत नाजूक, उत्तम द्राक्षांऐवजी जाड सालीची, रेल्वेने पूर्वेकडच्या शहरांपर्यंत टिकणारी अलिकान्ते बूशे लावली गेली. बंदी उठल्यावरही त्या लागवडीने वाइनचा दर्जा बराच काळ खाली ओढला.

अल्जीरियात तर फ्रेंच वसाहतवाल्यांनी प्रचंड द्राक्षमळे उभे केले, तरी बहुसंख्य मुस्लिम समाजाच्या जेवणात वाइन आलीच नाही. माल मुख्यतः फ्रान्सलाच जात होता. १९६२ साली स्वातंत्र्य मिळाले, ते वसाहतवाले फ्रान्सला परतले, आणि पुढच्या काही दशकांत बहुतेक वेली उपटल्या गेल्या.