जुना राक्षस नव्या खेळात आणताना

डन्जन्स अँड ड्रॅगन्समधल्या जुन्या राक्षसाचा एसी, म्हणजे त्याला वार लागणं किती अवघड ते सांगणारा आकडा, वीसातून वजा केला की आजच्या नियमांतला एसी मिळतो. जुन्या पुस्तकात ट्रोल नावाच्या राक्षसाचा एसी ४, म्हणजे आता १६. अर्ध्या मिनिटाचं काम. मागच्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर एकाने विचारलं, एवढं सोपं असताना तू एकेका मॉन्स्टरवर अख्खा शनिवार का घालवतेस? तेव्हा दोन ओळींत उत्तर दिलं, पण माझंच समाधान झालं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा एकत्र बसून, फासे टाकत, बोलत बोलत गोष्ट रचायचा खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली आणला. मग नियम बदलत गेले. १९८९ ला दुसरी एडिशन, २००० ला तिसरी, २००८ ला चौथी, २०१४ ला पाचवी, आणि २०२४ मध्ये पाचवीचंच सुधारित रूप. आम्ही २०१४ ची खेळतो. दर दुसऱ्या रविवारी मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडून नेरुळला मावशीकडे जाते. तिच्या हॉलमध्ये सतरंजी पसरून सहा जण बसतो. डीएम (डन्जन मास्टर, गोष्ट चालवणारी) मी, म्हणजे सगळे राक्षस माझ्याकडे. पिशवीत १९७७ चं मॉन्स्टर मॅन्युअल, म्हणजे राक्षसांचं ते जुनं पुस्तक असतं, काका अमेरिकेत शिकायला होते तेव्हाचं, खाकी चिकटपट्टीने सांधलेलं. त्यातले प्राणी मला आजच्या खेळात जिवंत हवे आहेत.

ट्रोलचंच बघा. त्याच्या जखमा आपोआप भरतात, त्याला संपवायला आग नाहीतर ॲसिड लागतं. जुन्या पुस्तकाप्रमाणे त्याचे सरासरी ३३ एचपी, म्हणजे तो एवढा मार सोसतो, आणि जखम भरते दर राउंडला (लढाईच्या फेरीला) ३ ने. पाचव्या एडिशनमध्ये एचपी ८४ आणि भरपाई १०. जुने ३ तसेच उचलून ८४ वाल्या ट्रोलला लावले, तर त्याची जखम भरतेय हे कोणाला कळणारसुद्धा नाही. म्हणून आकडा न उचलता प्रमाण उचलायचं. इथपर्यंत गणितवाल्यांशी माझं भांडण नाही. पण जुन्या ट्रोलचा तोडलेला हात सरपटत येऊन माणसाला धरतो, तुटलेलं मुंडकं चावतं. २०१४ च्या पुस्तकात हा भाग ऐच्छिक ठरून बाजूच्या चौकटीत गेला. तो कुठल्या प्रमाणात बसवणार? आणि खेळून घरी गेलेल्या माणसाच्या डोक्यात तर तोच हात राहतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: तो प्राणी समोर आल्यावर सतरंजीवरची माणसं काय करतात, हे आधी कागदावर लिहायचं. पळतात? कुजबुजतात? तेल शोधतात? ते लिहून झालं की मग आकड्यांना हात लावायचा.

हे मला वाइटने शिकवलं. वाइट म्हणजे थडग्यातून उठलेलं, जिवंत माणसाचा द्वेष करणारं प्रेत. १९७७ च्या नियमात त्याचा एक फटका बसला की एक लेव्हल गेली. सेव्ह, म्हणजे फासा टाकून वाचायची संधी नाही, दयामाया नाही. लेव्हल म्हणजे पात्राने चढलेली एक पायरी, कित्येक रविवारांची कमाई. पाचव्या एडिशनमध्ये १३ चा कॉन्स्टिट्यूशन, म्हणजे काटकपणाचा, सेव्ह मिळतो. तो चुकला तर कमाल एचपी कमी होतात, आणि रात्रभर झोप काढली की परत येतात.

गेल्या हिवाळ्यात मी हा नवा वाइट जसाच्या तसा आणला. तीन राउंडमध्ये मंडळींनी त्याला आडवा केला आणि चहाला उठली. माझा भाचा, मावसबहिणीचा मुलगा, अकरावीत आहे. तो म्हणाला, "मावशी, हा झॉम्बीच होता ना?" मला फार लागलं ते. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मी त्याच्यापुढे उभा केलेला वाइट खरोखरच झॉम्बीपेक्षा वेगळा नव्हता.

लेव्हल काढून घेणं आजच्या नियमांत नीट बसत नाही, सगळ्या पार्टीचा, म्हणजे पात्रांच्या टोळीचा, तोल जातो. मग मी स्वतःला विचारलं, जुन्या वाइटची भीती नेमकी कशाची होती? कष्टाने मिळवलेलं एका स्पर्शाने जाण्याची. म्हणून नियम केला: वाइट शिवला की त्या माणसाला येत असलेली एक गोष्ट जाते. सेव्ह नाही. ते प्रेत पुन्हा त्याच्या थडग्यात नीट पुरलं, तरच ती परत येते.

पुढच्या सेशनला वाइट भाच्याच्या चोराला, म्हणजे तो खेळत असलेल्या पात्राला, शिवला. मी म्हटलं, कुलूप उघडण्याची विद्या गेली. कागदावरून खोडून टाक. त्याला वाटलं मी नुसतं बोलतेय. मी थांबले. त्याने खोडरबर घेतलं. दोन वर्षांचा कॅरेक्टर शीटचा, म्हणजे पात्राच्या नोंदींचा कागद, पेन्सिल दाबून लिहिलेला. अक्षर जाईना. घासून घासून कागदाची लव वर आली, तरी शब्दाचा खळगा दिसतच होता. त्याने सतरंजीवरचे रबराचे कण फुंकले. कोणी काही बोलेना. मग मावसबहीण हळूच म्हणाली, "मागे फिरूया." त्या दिवशी ते मागे फिरले. पुढच्या वेळी पहिला अर्धा तास नुसतं ठरवण्यात गेला. तेल किती, मशाली किती, दोर कोणाकडे. एकानेही वाइटला हाताच्या अंतरात येऊ दिलं नाही.

प्रत्येक प्राण्यासाठी इतकं करावं लागत नाही. गॉब्लिनसारखे फुटकळ राक्षस, लांडगे नव्या पुस्तकातून थेट घ्या. फक्त एक सांगते. दुसऱ्या एडिशनमध्ये प्रत्येक प्राण्यापुढे मोराल नावाचा आकडा असायचा, म्हणजे तो कधी घाबरून पळेल ते. तिसरीपासून तो गेला, आणि आपल्याकडचे गॉब्लिन शेवटच्या थेंबापर्यंत लढायला लागले. मी तो आकडा पेन्सिलने समासात लिहिते.

आणि राक्षस. होय, या खेळाच्या पुस्तकांत आपला पुराणातला राक्षस याच नावाने आहे, वाघाचं तोंड आणि उलटे तळहात घेऊन. जुना एसी उणे ४, आठव्या लेव्हलखालचा कुठलाही स्पेल, म्हणजे मंत्र, त्याला लागत नाही, आणि क्रॉसबोच्या अभिमंत्रित बाणाने जागच्या जागी मरतो. पाचव्या एडिशनमध्ये एसी १६, एचपी ११०, सहाव्या लेव्हलपर्यंतचे स्पेल निकामी. बाणाचं उरलंय ते इतकंच, की सज्जनाच्या हातातल्या जादूच्या टोकदार शस्त्राने दुप्पट इजा.

वजाबाकी केली तर एसी येतो २४. हल्ल्याच्या वीस बाजूंच्या फाशात ७ मिळवणाऱ्या फायटरचा, म्हणजे योद्ध्याचा, वार पाचात एकदा बसेल. तासभर नुसते हुकणारे फासे बघायचे. नव्या पानावरचा घेतला तर वार बसत राहतात आणि तो हळूहळू झिजत जातो. दोन्हींत राक्षस कुठेय? जुन्या पानावर लिहिलंय की तो मन वाचतो आणि तुम्हाला आपलं वाटेल असं रूप घेतो. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. रावण भिक्षा मागत दारात आला होता, मारीच सोन्याचं हरीण होऊन.

म्हणून मी एसी १६ ठेवला, एचपी निम्मे केले, बाणाने मरण परत आणलं, आणि तो बाण कसा मंत्रायचा हे एका पडक्या देवळाच्या भिंतीवर लिहून ठेवलं. उलटे तळहात मात्र मुद्दाम जपले. आजी हडळीबद्दल सांगायची, चेहऱ्याला भुलू नका, पाय बघा, उलटे असतात. खूण कुठेतरी राहतेच.

या पावसाळ्यात तो आला, घोंगडी पांघरलेला म्हातारा नावाडी होऊन. तीन सेशन त्याने पार्टीला नदीपार नेलं, वाटेत गोष्टी सांगितल्या. सगळ्यांना तो आवडायला लागला होता. चौथ्या रविवारी भाच्याने फासा हातातच धरून विचारलं, "मावशी, हे आजोबा हात कधीच घोंगडीबाहेर का काढत नाहीत?"

मी काही बोलले नाही. मावसबहिणीने तिचा कागद जवळ ओढला आणि मंत्रलेले बाण किती उरलेत ते मोजायला लागली.