गाडी येते म्हणून यॉट मिळत नाही, भाच्या

परवा भाच्याने घरच्या ग्रुपवर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' शिक्का असलेला एक मेसेज टाकला. 'ग्रीसमध्ये स्वतः यॉट चालवा! सर्टिफिकेटची गरज नाही. आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट चालतं. विमा कंपनी बघून घेते.' खाली निळ्या पाण्याचे फोटो. एरवी मी असल्या गोष्टींना उत्तर देत नाही. पण हा पठ्ठ्या तीन मित्रांसह ऑगस्टात पारोस-मिकोनोसला निघालाय आणि चौघांची शिडाशी ओळख फोटोपुरतीच. मी 'बाबा रे' म्हटलं, तर म्हणतो, "मामा, काहून टेन्शन घेता? गाडी येते ना मले."

तर आधी तो परमिट. आरटीओत मिळणारी ती पुस्तिका १९४९च्या जिनिव्हा करारावर उभी आहे आणि तो करार रस्त्यावरच्या वाहतुकीचा आहे. त्यात पाण्याचा संबंध नाही. नौकेसाठी वेगळा कागद असतो: इंटरनॅशनल सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्स, संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाच्या १९९८च्या ठराव क्रमांक ४० नुसार दिला जाणारा. बेअरबोट, म्हणजे कप्तान-खलाशी कोणी नसलेली नुसती नौका, ग्रीसमध्ये भाड्याने घ्यायची तर एका माणसाकडे हा किंवा तिथे मान्य असलेला दुसरा परवाना लागतो. शिवाय दुसरा जाणता माणूस हवा. त्याचं अनुभवाचं लेखी निवेदन चालतं. क्रोएशियात परवान्यासोबत व्हीएचएफचं, म्हणजे नौकेवरून बोलायच्या रेडिओचंही प्रमाणपत्र मागतात.

आणि 'गाडी येते' म्हणजे काय रे? वर्धा रोडवर ब्रेक दाबला की गाडी थांबते. बारा मीटरची यॉट सात-आठ टनांच्या पुढे जाते, तिला ब्रेक नसतो. इंजिन उलटं फिरवून वेग मारायचा, तोवर वारा तिला आडवी ढकलत असतो. ग्रीसच्या छोट्या बंदरांत नौका धक्क्याला समांतर लावत नाहीत. पुढे नांगर टाकायचा, साखळी सोडत सोडत मागे जायचं आणि दोन नौकांच्या फटीत पाठ लावायची. साखळी खोलीच्या निदान तीन-चार पट सोडायची, नाहीतर नांगर जमीन धरत नाही आणि रात्री तुम्ही शेजाऱ्याच्या अंगावर. त्यात ऑगस्ट म्हणजे मेल्टेमीचा हंगाम. ग्रीसजवळच्या एजियन समुद्रातला हा उत्तरेचा वारा निरभ्र आकाशातही दिवसचे दिवस जोरात वाहतो. झिरो माईलच्या शहरात बसून याचा अंदाज येत नाही, कबूल. म्हणून तर शिकायचं.

विम्याचं एका वाक्यात: परवाना नसलेल्याच्या हाती सुकाणू असताना नौका आपटली, तर विमा कंपनी हात वर करू शकते, अनामत तर आधीच गेलेली असते. करारनामा मागवून वाच.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. मेसेज पूर्ण हवेतून आलेला नाही. ग्रीसमध्ये ३० अश्वशक्तीपर्यंतच्या छोट्या मोटरबोटी परवान्याविना भाड्याने मिळतात, दिवसभर किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायला. कोणीतरी तोच फोटो टाकून 'यॉट' लिहिलं असणार. ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर तर बेअरबोटलाही कायद्याने परवाना लागत नाही. पण तिथे कंपनी तुमचा अनुभव लिहून मागते: किती दिवस, केवढी नौका, स्किपर म्हणजे कप्तान कोण होतं. समाधान झालं नाही तर स्वतःचा स्किपर सोबत बसवते, पैसे तुमचेच. तुझ्या त्या यादीत काय लिहिशील? तलावातली पेडल बोट?

ऑगस्टपर्यंत शिकून होणार नाही. डे स्किपर नावाच्या कोर्सच्या नुसत्या प्रात्यक्षिकाचे पाच दिवस, त्याआधी पाण्यावरचा अनुभव वेगळा. त्यामुळे स्किपरसकट नौका घ्या. त्याला एक केबिन द्यावी लागेल, जेवण तुमच्याकडे.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. दोन दिवस शांतता. काल रात्री मेसेज आला, "मामा, तो स्किपर सावजी खाईल का?"