‘बीट बनवायचे तर एबलटनच’? हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

गोव्यातल्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात तो असा: इलेक्ट्रॉनिक बीट बनवायचे तर एबलटन लाइव्ह हे संगीत बनवायचं सॉफ्टवेअरच घ्या, गोवा ट्रान्स (इथल्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांतलं इलेक्ट्रॉनिक संगीत) त्यावरच घडला, स्वस्त सॉफ्टवेअरचा आवाज पातळ येतो, एफएल स्टुडिओ हे दुसरं सॉफ्टवेअर शिकाऊंसाठी, आणि स्टेजवर वाजवायला दुसरा पर्याय नाही. असं वाचून पेडणे-डिचोलीकडची मुलं पहिल्या पगारातून सगळ्यात महाग आवृत्ती घ्यायला निघतात, नाहीतर क्रॅक (चोरीची प्रत) शोधून लॅपटॉपात व्हायरस घेऊन बसतात. म्हणून हे लिहितोय.

ट्रान्सचा मुद्दा तर तारखांवरच पडतो. एबलटन लाइव्हची पहिली आवृत्ती २००१ साली आली. हणजुण्याच्या किनाऱ्यावरचा बहर नव्वदीतला. ते संगीत बरंचसं युरोप आणि इस्रायलमधल्या स्टुडिओंत बनायचं आणि इथे डॅट टेपवरून (डिजिटल कॅसेटवरून) वाजायचं. त्या काळात अटारी एसटी हा कॉम्प्युटर अनेकांकडे असे, कारण मिडीचे (कीबोर्डसारखी वाद्यं कॉम्प्युटरला जोडण्याचे) पोर्ट त्याला मुळातच होते. क्युबेस हे संगीताचं सॉफ्टवेअर १९८९ मध्ये आलं तेही अटारीवर.

आता ‘पातळ आवाज’. तुम्ही स्वतः तपासू शकता. त्याच वेव्ह (आवाजाच्या) फाइल्स दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये घाला, लेव्हल सारख्या ठेवा, इफेक्ट लावू नका आणि दोन्हीकडून एक्सपोर्ट करा. मग एका फाइलची फेज उलटी करून (म्हणजे तिची लाट वरची खाली करून) दोन्ही एकत्र वाजवा, सारखे आवाज एकमेकांना खोडतात. शांतता मिळाली म्हणजे दोन्हीत फरक नाही. काही ऐकू आलंच, तर कारण बहुधा सेटिंगमध्ये सापडतं: पॅन लॉ (आवाज डावी-उजवीकडे वाटताना लेव्हल ठरवणारा नियम) वेगळा असतो, एबलटनने लांब फाइल आपणहून वॉर्प केलेली (टेम्पोत बसवायला ताणलेली) असते, किंवा एफएलच्या टेम्प्लेटमध्ये मास्टरवर, म्हणजे शेवटच्या एकत्र आवाजावर, लिमिटर (मोठा आवाज दाबणारा इफेक्ट) बसलेला असतो. ट्रॅक एकत्र करण्याची बेरीज सगळीच सॉफ्टवेअर नीट करतात. सोबत मिळणारे सिंथ (आवाज तयार करणारी वाद्यं) आणि सँपल (तयार आवाज) मात्र वेगळे असतात, ती निवड कानाने करा.

‘शिकाऊंसाठी’ म्हणताना अविची आणि मार्टिन गॅरिक्स एफएलवर काम करायचे, हे लोक विसरतात. पण नावांपेक्षा तुम्हाला काय करायचंय ते महत्त्वाचं. नुसते ड्रम आणि बेस माऊसने रचायचे असतील, तर एफएलचा स्टेप सीक्वेन्सर (ठोके चौकोनांत मांडायची पट्टी) आणि पियानो रोल (सूर मांडायचा तक्ता) फार लवकर हाताला बसतात. एकदा विकत घेतलं की पुढचे अपडेटही कायम फुकट.

घुमट (गोव्यातलं मातीचं तालवाद्य) रेकॉर्ड करून त्यावर बीट चढवायचा असेल तर गणित बदलतं. एफएलच्या सगळ्यात स्वस्त फ्रूटी आवृत्तीत माइकवरून रेकॉर्डिंग होत नाही, त्याला प्रोड्यूसर आवृत्ती लागते. आणि आरतीचं घुमट एका टेम्पोत राहत नाही, रंगत चढते तशी लय वाढते. ती ग्रिडवर (सॉफ्टवेअरमधल्या ठोक्यांच्या रेघांवर) आणताना एबलटनचं वॉर्पिंग खरोखर कामाचं आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. वॉर्पिंगचे मार्कर (ताणायच्या खुणा) फक्त समेवर ठेवा. प्रत्येक थापेवर ठेवलात तर डाव्या हाताने मागचं तोंड झाकून-उघडून काढलेला तो घुमणारा खर्ज तुकड्या-तुकड्यांत ताणला जातो आणि घुमट मरतं. रीपर या आणखी एका सॉफ्टवेअरमध्येही हे जमतं, फक्त हाताने जास्त काम करावं लागतं.

स्टेजबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. एबलटनचा सेशन व्ह्यू (संगीताचे तुकडे हवे तेव्हा सुरू करायचा पडदा) स्टेजवर वाजवायला उत्तमच, पण दुसरा पर्यायच नाही असं नाही. एफएलमध्ये परफॉर्मन्स मोड आहे, बिटविग या सॉफ्टवेअरमध्ये तसाच क्लिप लाँचर आहे. पॅडवर थाप मारली आणि आवाज उशिरा आला, तर आधी बफर (कॉम्प्युटर एका वेळी साठवून पुढे पाठवतो तेवढा आवाज) बघा. ४४,१०० हर्ट्झवर ५१२ सँपलचा बफर म्हणजे जवळपास १२ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे ३. विंडोजवर एएसआयओ (आवाज कमी उशिराने पोचवणारा) ड्रायव्हर नसेल, तर महागडं सॉफ्टवेअरही तो उशीर भरून काढणार नाही.

पैसे देण्याआधी ट्रायल घ्या. एबलटनची ३० दिवस, रीपरची ६० दिवस चालते. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकटच आहे. एफएलच्या ट्रायलला मुदत नाही, प्रोजेक्ट सेव्हही होतो, पण विकत घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही. म्हणून त्यात काम केलंत तर उठण्याआधी प्रत्येक ट्रॅक वेगळा वेव्हमध्ये एक्सपोर्ट करून ठेवा.