गोकाकच्या कड्याखालचे पॉवर हाऊस

पावसाळ्यात बेळगावहून गोकाकचा धबधबा पाहायला गेलेला माणूस झुलत्या पुलावर फोटो काढतो, येताना करदंट ही तिथली मिठाई घेतो. पण कड्याच्या तळाशी दिसणाऱ्या जुन्या पॉवर हाऊसविषयी मुलांनी विचारले, तर बहुतेकांपाशी उत्तर नसते. मला याचे फार वाईट वाटते.

घटप्रभा नदी येथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. या उंचीचे मोल ओळखूनच १८८०च्या दशकात कड्यावर सूतगिरणी उभी राहिली आणि पाण्याच्या जोरावर चालू लागली. येथे १८८७ मध्येच वीज तयार झाली, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. दुसरीकडे, भारतातील पहिल्या जलविद्युत केंद्राचा मान १० नोव्हेंबर १८९७ रोजी सुरू झालेल्या, अवघ्या १३० किलोवॅट क्षमतेच्या, दार्जिलिंगजवळील सिद्रापोंगला दिला जातो. टर्बाइनने, म्हणजे पाण्याच्या जोराने फिरणाऱ्या चक्राने, गिरणीची यंत्रे थेट फिरवणे आणि टर्बाइनला जनित्र जोडून वीज तयार करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात घेतल्याशिवाय पहिलेपणाचा हा वाद सुटणार नाही. माझ्या दृष्टीने तो दुय्यम आहे. आपल्याच कर्नाटकातील शिवनसमुद्र धबधब्यावरची वीज १९०२ मध्ये जवळपास १४७ किलोमीटरवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पोहोचली. त्या वाटचालीआधीचा टप्पा आपल्या बेळगाव जिल्ह्यात पाहायला मिळतो, हे मला महत्त्वाचे वाटते.

म्हणूनच केवळ इमारतीला रंग देऊन तिला वारसा म्हणणे मला मान्य नाही. पाणी कोठून वळवले, कोणत्या नळातून उतरवले, टर्बाइन कसे फिरले आणि वापरलेले पाणी पुन्हा नदीला कोठे मिळाले, हा सारा मार्ग जागेवरच समजला पाहिजे. यंत्र उचलून दूरच्या संग्रहालयात नेले, तर ज्या उंचीमुळे ते चालले ती उंचीच त्यापासून तुटते. माहितीफलक कन्नडबरोबर मराठीतही असावेत, कारण या गिरणीच्या भोंग्यावर दोन्ही भाषांच्या घरांतली चूल पेटत असे.

माझ्या आईचे मामा तेथे कामाला होते. टर्बाइनचा आवाज बदलला की नदीचे पाणी वाढले हे डोळे मिटूनही कळते, असे ते सांगत. त्यांचे बोलणे आम्ही कधी लिहून घेतले नाही. ज्यांच्या घरी पॉवर हाऊसमध्ये राबलेले कोणी आज हयात असेल, त्यांनी या दिवाळीत त्यांच्याजवळ बसून, मोबाईलवर का होईना, त्यांचा आवाज जपून ठेवावा.